दाजी टीव्हीच्या मागे, ताई पुढे

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, टीव्ही दुरुस्त करतात, आणि त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. हे वाक्य तोंडातून काढायला ताईने मला बंदी घातली होती. ताईची बंदी म्हणजे बंदी. मी तशी तोंडाची फटकळ, पण एवढी एक गोष्ट मी पोटात ठेवली. आता ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. टेबलावर उघडी पडलेली मशीन, भिंतीला टांगलेल्या वायरींची भेंडोळी, आणि आतल्या खोलीच्या दारात ताईची खुर्ची. बाकीचे कारागीर टीव्हीच्या मागे हात घालून काम करतात तेव्हा पडद्यासमोर आरसा उभा करतात, म्हणजे मागून चित्र दिसतं. दाजींकडेही असा आरसा होता. लग्न झाल्यावर तो न्हाणीघरात गेला, आणि त्याची जागा ताईने घेतली.

त्याचं असं झालं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, रंगीत टीव्ही नवेच येऊ लागले होते तेव्हा, एका गिऱ्हाइकाने दुरुस्त करून नेलेला टीव्ही परत आणून टेबलावर आदळला. बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड काकडीसारखं दिसतंय म्हणाला. दाजी म्हणाले, मला तर चांगलं दिसतंय. वाद चढत गेला तशी ताई हात पुसत बाहेर आली. तिने पडद्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "थोडं काम राहिलंय. उद्या घेऊन जा." गिऱ्हाईक गेल्यावर तिने शिवणाच्या डब्यातून एक लाल आणि एक हिरवं रीळ काढून दाजींच्या पुढे धरलं. दाजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एक जरा जास्त मळलंय." ताई हसत सुटली. दाजी हसले नाहीत. टीव्ही मेकॅनिकला रंग कळत नाहीत हे बाहेर कळलं तर दुकानाला कुलूप, हे त्यांना माहीत होतं. ताईला त्यांचा चेहरा बघून ते कळलं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी टीव्हीच्या मागे आणि ताई पुढे. "लाल वाढतंय... अजून... थांबा, जरा मागे." ती बोलायची आणि दाजींची बोटं फिरायची. बारक्या रेझिस्टरांवरचे रंगीत पट्टे वाचून ते डब्यांत लावायचं कामही तिचंच. भाजी निवडावी तशी ती ते निवडायची. एखादी लाल वायर पुन्हा लागणार असेल तर ती तिला आधीच गाठ मारून ठेवायची, म्हणजे दाजींना विचारावं लागू नये. गिऱ्हाइकांना वाटायचं, बायको किती हौसेने मदत करते. दाजींची बोटं आणि ताईचे डोळे मिळून एक मेकॅनिक होता, हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक.

गेल्या वर्षी ताईला फुप्फुसाचा क्षय निघाला. गोळ्यांचा लांबलचक कोर्स सुरू झाला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की यातली एक गोळी क्वचित कोणाच्या डोळ्यांना बाधते. धूसर दिसायला लागलं, विशेषतः रंग वेगळे दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच या. गोळी वेळेत थांबवली तर नजर बहुतेक परत येते. उशीर झाला तर सांगता येत नाही. हे मला दाजींनीच फोनवर शब्दन् शब्द सांगितलं होतं. म्हणजे त्यांनी ऐकलं नव्हतं असं कोणी म्हणू नये. मी लांबच्या गावी राहते, तिकडून मी आपली रोज फोनवर विचारायची, गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का. ताई म्हणायची, "घेतल्या गं बाई, जेवले. तू काय माझी सासू आहेस का?"

घरात बसून बसून ताई कावली. दुकानात येणारी माणसं खोकल्याला बिचकतात म्हणून तिची खुर्चीही आतल्या खोलीत गेली होती. तेव्हा दाजींनी माळ्यावरून एक जुना कॉम्प्युटर खाली काढला.

तो कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड. सगळं यंत्र त्याच्याच पोटात. त्याला पडदा नाही, मागची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसायची आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून प्रोग्रॅम चढवायचा. माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, लहान असताना एका गिऱ्हाइकाने तो बंद पडला म्हणून टाकून दिला होता, दाजींनी चालू केला. ताई त्यावर पुस्तक समोर ठेवून एकेक ओळ टाइप करत शिकली आणि भाचीसाठी तिने एक खेळ बनवला. पडदाभर हिरवी पानं, पानांत लपलेली लाल फळं. टोपली सरकवत फळं गोळा करायची. चुकून पान घेतलं की मशीन वेडावल्यासारखा आवाज काढायचं. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. दाजी कायम पानं गोळा करायचे. मशीन वेडावत राहायचं आणि मायलेकी पोट धरून हसायच्या. दाजी म्हणायचे, "हा खेळ नाही, हा माझा सूड आहे." पण रोज हरायला बसायचे.

भाची आता परदेशात. कॅसेट मात्र अजून चालत होती. दाजींनी टीव्हीला वायर लावली, ताईला उशीला टेकवून बसवलं आणि चित्र आलं.

"अहो, किती घाण दिसतंय," ताई म्हणाली.

ते खरंच घाण होतं, हे मी कबूल करते. त्या मशीनमध्ये एक पत्र्याची डबी असते. आतल्या चिपमधून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग स्वच्छ वेगवेगळे निघतात. ती डबी ते सगळं एकत्र कालवून अँटेनाच्या वायरीत कोंबते, आणि टीव्हीला ते पुन्हा निवडत बसावं लागतं. त्यात अक्षरांच्या कडा पुसट होतात, रंग एकमेकांत उतरतात, मुंग्या फिरतात. पूर्वी आम्हाला ते चालायचं, कारण दुसरं काही बघितलंच नव्हतं.

दाजींना मात्र काम मिळालं. बायको आजारी, आणि नवऱ्याला करण्यासारखं काही नाही, यासारखी शिक्षा नाही. गोळ्या डॉक्टरांच्या, खोकला तिचा, पण चित्र त्यांचं होतं. ते दुरुस्त करता येणार होतं.

आधी त्यांनी डबीच बाजूला केली. तिच्या आधीच चित्र पकडून एक ट्रान्झिस्टर लावून सरळ टीव्हीच्या मागच्या व्हिडिओच्या पिवळ्या भोकात नेलं. मुंग्या गेल्या. ताई म्हणाली, "बरं आहे. पण फळं उठून दिसत नाहीत." मग त्यांनी आतले जुने, फुगलेले कपॅसिटर बदलले. पडद्यावरचे उभे पट्टे गेले. ताई म्हणाली, "अक्षरं अजून पुसटच आहेत हो." इथे दाजी जरा थबकले. त्यांना अक्षरं ठळक दिसत होती. कडा, रेघा, उजेड-अंधार, हे सगळं त्यांना तुमच्या-माझ्यासारखंच दिसतं. त्यांनी पडद्याजवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं. शेवटी मला फोनवर म्हणाले, "मला तर स्वच्छ दिसतंय. पण माझ्या डोळ्यांचं काय खरं? ती म्हणते पुसट, तर पुसट असणार."

"मग करा की नीट! तुम्ही मेकॅनिक ना?" मी म्हटलं. मला काय माहीत फोनच्या पलीकडे काय चाललंय.

बाकीचं मला नंतर कळलं. तोवर ताईने भाजीवाल्याला दोनदा झापलं होतं, की पालेभाजी शिळी देतोस, पाक रंग उडालाय. धुण्याची पावडर बदलायला लावली होती, कारण कपडे विटके दिसत होते. खोलीतला बल्ब बदलून घेतला होता. वर्तमानपत्राची छपाई बिघडली म्हणून नाक मुरडत होती. तिला कधी वाटलंच नाही की बिघाड आपल्यात असेल. कसं वाटणार? घरातला रंगाचा शेवटचा शब्द तिचा. आयुष्यभर तिने चूक म्हटलं की चूक निघायची.

पिवळ्या भोकाने भागेना तेव्हा दाजींनी शेवटचा उपाय काढला. चिपमधून तिन्ही रंग वेगवेगळेच उचलायचे आणि टीव्हीच्या मागच्या त्या रुंद, अनेक पिनांच्या भोकात तीन वायरींनी थेट न्यायचे. कालवाकालवी नाहीच. एक तयार केबल होती, एका टोकाला साच्यातला पक्का प्लग, दुसऱ्या टोकाला सुट्या वायरी. लाल वायर चिपच्या लाल रंगाच्या पिनेला जोडायची, हिरवी हिरव्याच्या. दाजींनी केबल ताईच्या हातात दिली. "लाल कुठली गं?"

ताई खिडकीशी गेली. वायरी उजेडात धरल्या, जवळ नेल्या, लांब नेल्या. मग एक वायर पुढे केली. "ही असावी."

दाजींनी ती सोल्डर केली.

मी ताईला भेटायला गेले ते त्यानंतर. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच दाजी म्हणाले, "या, तुम्हीच बघा आता. आणखी काही करायचं बाकी ठेवलेलं नाही." आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. ताई पलंगावर, वाळलेली, पण डोळ्यांवर चष्मा चढवून अगदी साहेबी थाटात. दाजी टीव्हीच्या मागे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उकिडवे बसलेले.

"अजून मळकंच आहे हो," ताई मला ऐकवत म्हणाली. "सगळं मातकट. यांचे हात आता चालत नाहीत."

मी पडद्याकडे बघितलं. असं चित्र मी त्या मशीनचं कधी बघितलं नव्हतं. कोरून काढल्यासारखी अक्षरं, एकही मुंगी नाही. आणि पडदाभर लालभडक पानं. त्यांच्यामध्ये हिरवीगार फळं.

मला वाटलं, गंमत केलीये. मी हसून म्हटलं, "अगं, पानं लाल का केलीस?"

ताईने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. टीव्हीच्या मागून दाजींचं डोकं वर आलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, ताईकडे बघत होते.

"लाल?" ताई म्हणाली.

"लाल म्हणजे काय, रक्तासारखी लाल! आणि फळं हिरवी. ताई, उगाच चेष्टा करू नकोस."

ताईने चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. मग अंगावरचं पांघरूण उचलून माझ्यासमोर धरलं आणि लहान मुलीसारखं विचारलं, "याचा रंग कुठला गं?" पांघरूण निळं होतं, त्याला लाल काठ होता. मी सांगितलं. ती काठावरून बोट फिरवत राहिली. हातातला स्क्रू-ड्रायव्हर दाजींनी कितीतरी वेळ सोडला नाही.

त्याच दुपारी आम्ही दवाखाना गाठला. छातीच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज चढला. "मी सांगितलं होतं की नाही? रंग बदलले तर लगेच सांगा म्हणून?"

"तिने सांगितलं होतं," दाजी म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला."

डॉक्टरांनी ती गोळी तिथेच बंद केली, दुसरी लिहून दिली आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई शांत होत्या. त्यांनी ताईसमोर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात, दिसतील ते वाचायचे. ताई पान बघत राहिली. "यात काही लिहिलंय का?" तिने विचारलं. दुसरं पान. तिसरं पान. बाईंनी सहज मान वर करून मागे उभ्या असलेल्या दाजींना विचारलं, "तुम्हाला दिसतोय ना आकडा?"

"हो," दाजी म्हणाले.

मला इतका संताप आला! बाहेर बाकावर आल्याबरोबर मी त्यांना धरलं. आवाज खाली ठेवायचा म्हणून दातांवर दात आवळून बोलले. "डॉक्टरसमोरसुद्धा खोटं? दाजी, याच लपवाछपवीने तिचे डोळे घालवलेत तुम्ही! एका माणसाला सांगितलं असतंत, शेजाऱ्याला हाक मारून विचारलं असतंत, बाबा रे, ही फळं उठून दिसतात ना, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं!"

ते उलटून बोलतील असं वाटलं होतं. ते आपल्या तळहातांकडे बघत म्हणाले, "मीटर लावलं असतं तरी कळलं असतं. कुठल्या पिनेला कुठली वायर जाते ते मीटर सांगतं. पण रंगाचं मी कधी मीटरला विचारलंच नाही. तिला विचारलं." मग म्हणाले, "ती 'असावी' म्हणाली. इतक्या वर्षांत ती कधी 'असावी' म्हणाली नव्हती. मी ऐकलं. आणि तरी वायर जोडली."

"आणि आत 'हो' का म्हणालात?"

"तिच्या देखत नाही कसं म्हणू? तिला उघड ऐकावं लागलं असतं की आता घरात एकही नजर उरली नाही."

मी त्यांच्यावर रागावलेलीच होते, अजूनही आहे. पण त्या बाकावर मी त्यांना रुमाल दिला.

मी त्यांच्याकडेच राहिले. एका सकाळी दाजींनी ती केबल उपसून माझ्यापुढे धरली. मी लाल वायरीवर बोट ठेवलं. त्यांनी तिला गाठ मारली, दोन्ही वायरींची अदलाबदल केली आणि चित्र लावलं. हिरवी पानं, लाल फळं, एखाद्या नव्या पुस्तकातल्यासारखी. "आता?" त्यांनी मला विचारलं. "आता बरोबर," मी म्हटलं. त्या मशीनमधून याहून चांगलं चित्र निघणं शक्य नव्हतं, आणि ते बघायला त्या घरात मी एक पाहुणीच काय ती होते. मला तिथे उभं राहवेना. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याशी रडले.

गोळी बंद झाल्यावर धूसरपणा हळूहळू कमी होईल, रंगांचं मात्र बघू, असं बाई म्हणाल्या होत्या. पहिल्याच तक्रारीच्या वेळी आला असतात तर, असंही म्हणायला लागल्या होत्या, पण दाजींकडे बघून त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं. ताईचा खोकला गेला, वजन वाढलं, कोर्स पूर्ण झाला. मोठी अक्षरं तिला वाचता येऊ लागली. रंग आले नाहीत. शेवटच्या तपासणीला बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं, आणि आता यापुढे फारसा फरक पडेल असं वाटत नाही, म्हणाल्या. ताईने मान हलवली. घरी आल्यावर तिने दाजींना एका शब्दाने दोष दिला नाही. मला वाटतं, दिला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

परवा मी पुन्हा गेले होते. ताईची खुर्ची पुन्हा दुकानाच्या दारात आली होती. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर उघडा होता, त्यांच्याकडच्यासारखाच. असली मशीन जमवणारा कोणी एक गृहस्थ, दाजी त्यांचं चित्र सुधारून देतात असं ऐकून लांबून आला होता. मीटर हाताशी होतं. दाजींनी एकेक वायर मीटरनेच तपासून जोडली होती, ओळखायला वायरींना वेगवेगळ्या गाठी होत्या. टीव्ही सुरू झाला. चित्र आलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दाजींच्या तोंडून निघून गेलं, "अगं, बघ जरा."

हाक मारल्यावर काय केलं ते त्यांना कळलं. ते टीव्हीच्या मागेच राहिले. मीही जागची हलले नाही.

ताई मात्र खुर्चीत सावरून बसली. पदर नीट केला, मान जरा तिरकी केली, नेहमी करायची तशी. पडद्याकडे नीट बघून घेतलं.

"छान आलंय," ती म्हणाली. "लाल थोडं वाढवा."

दाजींचा हात बटणाकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. ते गुडघ्यावर हात टेकत उठले, टीव्हीच्या मागून बाहेर आले, आणि ताईच्या खुर्चीशेजारी, पडद्याच्या पुढच्या बाजूला येऊन उभे राहिले. त्या जागी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"साहेब," ते त्या गृहस्थाला म्हणाले, "रंग तुम्ही बघून सांगा. आम्हा दोघांना कळत नाहीत."

गृहस्थ काहीतरी गमतीचं असेल म्हणून हसला. मग हसायचा थांबला. ताईने दाजींच्या सदऱ्याची बाही धरली होती आणि ती पडद्याकडे बघत होती.

"बरोबर आहेत," तो म्हणाला.

"लाल वाढवायला नको?" ताईने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "लाल भरपूर आहे."